पुन्हा एकदा, सावकाश

7 डिसेंबर 1963 रोजी फिलाडेल्फियात अमेरिकेच्या लष्कर आणि नौदलाच्या संघांचा वार्षिक अमेरिकन फुटबॉल सामना रंगला होता. सीबीएस वाहिनीचा तरुण दिग्दर्शक टोनी व्हर्ना याने अर्ध्या टनाहून जड असं टेप-यंत्र मैदानावर आणवलं होतं. या खेळात दोन चालींच्या मध्ये बराच वेळ रिकामा जातो, आणि त्या वेळात प्रेक्षकांना काहीतरी दाखवायचं, एवढीच त्याची खटपट. दुपारभर यंत्राने दाद दिली नाही. टेप जुनी असल्याने मधूनच तिच्यावरचा आधीचा कार्यक्रम डोकवायचा. शेवटच्या सत्रात मात्र लष्कराच्या रॉली स्टिचवेचा टचडाउन काही क्षणांतच पुन्हा दिसला. एकदाच, आणि नेहमीच्याच वेगाने. लष्कराने पुन्हा गुण मिळवलेले नाहीत, हे समालोचक लिंडसे नेल्सनला घाईघाईने सांगावं लागलं.

रीप्लेचा इतिहास सहसा इथून सुरू करतात. रीप्लेच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने थोडं मागे जावं. फिलाडेल्फियाच्या आधी दोनच आठवडे, 24 नोव्हेंबरला, केनेडींच्या हत्येतला संशयित ली हार्वी ओस्वाल्ड थेट प्रक्षेपणात गोळीला बळी पडला होता आणि ते दृश्य वाहिन्यांनी वारंवार दाखवलं होतं. त्याच्याही पूर्वी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आसपास, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून काही दिवसांचा काळ काही क्षणांत बसवला. फाळक्यांनी काळ आवळला, संथ रीप्लेने तो सैल केला. पण काळाची दोरी कुणाच्या हाती, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे आणि माझ्या मते या अभ्यासाचा गाभा तोच आहे.

त्यासाठी लॉस एंजेलिसच्या पोलिसांवरचा खटला बारकाईने पाहायला हवा. 3 मार्च 1991 च्या रात्री पोलीस रॉडनी किंगला बेदम मारत असताना एका रहिवाशाने आपल्या गॅलरीतून चित्रण केलं. टीव्हीवर ते नेहमीच्या वेगात दिसलं आणि देश हादरला. न्यायालयात बचाव पक्षाने तीच फीत एकेक चौकट थांबवत दाखवली. सलग मार तुटून सुटे सुटे फटके झाले. किंगच्या शरीराची जराशी हालचाल दिसली की पुढचा फटका तिला दिलेलं उत्तर ठरू लागला. 29 एप्रिल 1992 रोजी ज्यूरीने चारही पोलिसांना जवळपास सर्व आरोपांतून मुक्त केलं. त्यानंतरच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसं मेली. गंमत म्हणजे (शब्द इथे बरा नाही, तरी) 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उलटंच दिसलं: हिंसक कृती संथ करून दाखवली की प्रेक्षकांना ती अधिक हेतुपुरस्सर वाटते. म्हणजे वेग कमी केल्यावर पारडं कुठे झुकेल, याचा ठोकताळा नाही. थांबवलेल्या चित्रासोबत कोण बोलतंय, यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्याकडे ही चर्चा क्रिकेटमधून आली. 14 नोव्हेंबर 1992 ला डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकर धावचीत झाला, तिसऱ्या पंचाने टीव्ही पाहून बाद दिलेला पहिला फलंदाज. लगेच पुढच्या, जोहान्सबर्गच्या कसोटीत जाँटी ऱ्होड्सविरुद्ध धावचीतचं अपील झालं, तेव्हा पंच स्टीव्ह बकनर यांनी तिसऱ्या पंचाकडे विचारणा केलीच नाही. टीव्हीवर ऱ्होड्स बाद दिसत होता. सोय होती, ती वापरणं मैदानातल्या पंचाच्या मर्जीवर होतं. 2011 च्या विश्वचषकात मोहालीला पाकिस्तानविरुद्ध याच तेंडुलकरला पायचीत दिलं गेलं आणि रिव्ह्यूने वाचवलं. तरीही भारतीय मंडळ डीआरएस या रिव्ह्यू-पद्धतीला 2016 पर्यंत नाकं मुरडत राहिलं. तो निव्वळ हट्ट होता असं मी म्हणणार नाही. पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडू पॅडवर आदळेपर्यंतचा मार्ग कॅमेरे टिपतात. पुढचा मार्ग हा गणिताने काढलेला अंदाज असतो, आणि पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच ठसठशीत रेषेने उमटतात.

‘अंपायर्स कॉल’ ही तरतूद या अंदाजाची कबुली देते. चेंडू यष्टीला जेमतेम लागताना दिसला, तर मैदानातल्या पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. तेच चित्र एका फलंदाजाला तंबूत धाडतं आणि दुसऱ्याला खेळू देतं. समालोचक या तरतुदीवर भरपूर तोंडसुख घेतात. कायद्याच्या अभ्यासकांना मात्र तिच्यात ओळखीचं काही सापडेल: अपिलातही खालच्या न्यायालयाचा निकाल सबळ कारणाशिवाय फिरवत नाहीत.