बीटी, चोर बीटी आणि आमचं यवतमाळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोललोय तसंच बरंचसं ठेवलंय.

टेक कंपनी म्हटलं की आपल्या डोक्यात गूगल, ॲपल, मेटा येतात. फोन एवढा महाग का, आपला डेटा जातो कुठे, यावर आपण ग्रुपवर तासन्‌तास भांडतो. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात स्मार्टफोन यायच्या आधीच एका बड्या टेक्नॉलॉजी कंपनीवरून वाद पेटला होता. लोक तिचं प्रॉडक्ट हट्टानं मागून नेत होते आणि तिला शिव्याही घालत होते. पुष्कळदा तीच माणसं! कंपनीचं नाव मोन्सॅन्टो, मुक्काम अमेरिकेतलं सेंट लुईस. प्रॉडक्ट? बीटी कापसाचं बियाणं.

मी पोटासाठी कोड लिहितो, शेतीतज्ज्ञ नाही. पण हा इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की लायसन्स, व्हर्जन, पायरसी, बग हे सगळे शब्द आमच्या पऱ्हाटीच्या वावरात आधीच येऊन गेलेत.

आधी प्रॉडक्ट समजून घेऊ

मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. त्याचं एक जनुक कापसाच्या झाडात घातलं, की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. बोंडअळीनं ते खाल्लं की ती मरते. जिवाणूच्या नावावरून ‘बीटी’, आणि ब्रँडचं नाव बोलगार्ड.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे लागेल. हे फीचर फक्त बोंडअळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर ते चालत नाही. पाऊस दडी मारतो तेव्हा चालत नाही, भाव पडतो तेव्हाही नाही.

मंजुरीच्या आधीच भांडण

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये मोन्सॅन्टोनं तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघानं बीटीच्या चाचणीचे प्लॉट उपटून जाळले. लोकांच्या मनात तेव्हा ‘टर्मिनेटर’ची भीती होती, म्हणजे ज्याचं बी पुन्हा उगवणारच नाही असं बियाणं. तसं पेटंट अमेरिकेत खरंच निघालं होतं, पण चाचणीतल्या बीटीत ते तंत्र नव्हतं. पुढे १९९९ मध्ये मोन्सॅन्टोनं ते बाजारात आणणार नाही असं जाहीर केलं. भीती मात्र गावोगाव पोचली होती.

मग २००१. गुजरातेत नवभारत-१५१ नावाच्या बियाण्यात बीटीचं जनुक सापडलं. मंजुरी नाही, लायसन्स नाही, आणि पीक हजारो एकरांवर उभं! केंद्राच्या समितीनं ते नष्ट करायला सांगितलं. तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूनं शरद जोशी उभे राहिले. शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य हवं, ही त्यांची भूमिका.

गंमत बघा. नंजुंडस्वामी आणि जोशी, दोघंही शेतकऱ्यांचे मोठे नेते. एक म्हणतो जाळा, दुसरा म्हणतो पेरू द्या. त्यामुळे ‘शेतकऱ्यांची प्रतिक्रिया काय होती’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर तेव्हाही नव्हतं.

२६ मार्च २००२ ला मंजुरी मिळाली आणि भारतात बीटी कापूस कायदेशीर झाला.

१६०० रुपयांची बॅग

४५० ग्रॅमची बॅग सुरुवातीला साधारण १६०० रुपयांना होती. त्यातला मोठा भाग तंत्रज्ञानाची फी, म्हणजे रॉयल्टीच म्हणा. आंध्र प्रदेश सरकारनं या फीविरुद्ध एमआरटीपी आयोगाकडे धाव घेतली आणि २००६ मध्ये बॅग ७५० रुपयांवर आली. त्याच वर्षी दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. मग पसरायला वेळ लागला नाही. दहा वर्षांत देशातल्या कापसाचं ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली गेलं. २००१-०२ मध्ये देशात सुमारे १५८ लाख गाठी कापूस झाला होता, २०१३-१४ मध्ये ३९० लाखांच्या पुढे. ही वाढ एकट्या बीटीची नाही. सिंचन, खतं, वाढलेलं क्षेत्र हेही त्यात आहे. पण सुरुवातीला बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे आमच्याकडचे बीटीला शिव्या देणारे जुने लोकही कबूल करतात.

यवतमाळ कुणाची जाहिरात?

त्याच २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. विदर्भ जनआंदोलन समितीचे किशोर तिवारी आत्महत्यांची यादी ठेवत होते आणि बीटीवर बोट ठेवत होते. देशी-परदेशी पत्रकार यायला लागले. बीटीनं शेतकरी मारला, असं जगभर छापून आलं.

उलट्या बाजूनं काय झालं? २००८ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बातमी आली, की यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांत बीटीनं भरभराट आणली आणि तिथे एकही आत्महत्या नाही. २०११ मध्ये तीच बातमी मार्केटिंगचा मजकूर म्हणून पुन्हा छापली गेली. मार्च २०१२ मध्ये बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालची संसदेची कृषी समिती भांबराजात पोचली. गावकऱ्यांनी सांगितलं ते छापलेल्याच्या नेमकं उलटं होतं. गावात आत्महत्या झाल्या होत्या, आणि एकदोन नव्हे. पी. साईनाथ यांनी त्या मे महिन्यात ‘द हिंदू’त हे सगळं मांडलं.

म्हणजे कंपनीसाठी यवतमाळ हे यशाचं पोस्टर होतं आणि विरोधकांसाठी अपयशाचं. खरं काय ते या दोन्हींत मावत नाही. महाराष्ट्रातली पहिली नोंदली गेलेली शेतकरी आत्महत्या म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते साहेबराव करपे आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे. तारीख १९ मार्च १९८६. तेव्हा बीटी नव्हतंच. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासातही बीटी हे आत्महत्यांचं एकमेव कारण ठरत नाही असंच निघालं. पण कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज आणि त्यात महागडं बियाणं, एवढं असताना पाऊस हुकला तर घाटा आधीपेक्षा मोठा होतो, हेही त्याच अभ्यासाजवळ जाणारं सत्य आहे.

दरवर्षी नवी बॅग का?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं ते बीटीमुळे नाही, हायब्रीडमुळे. संकरित वाणाचं बी घरी ठेवून पेरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही. बहुतेक देशांत बीटी कापूस सरळ वाणांत आला, आपल्याकडे तो हायब्रीडमध्ये आला. सबस्क्रिप्शनच म्हणा ना!

पर्याय निघाला होता, तोही नागपुरातून. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं २००८ मध्ये ‘बिकानेरी नरमा बीटी’ आणलं. सरळ वाण, बी घरी ठेवा आणि पुन्हा पेरा. ओपन सोर्स बीटी! पण २००९ च्या शेवटी विक्री थांबली. पुढे चौकशीत त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक मिसळलेलं निघालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच, आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

मॅन्युअल कुणी वाचलं?

बॅगेसोबत १२० ग्रॅम साध्या कापसाचं वेगळं पाकीट यायचं. ते बांधाच्या कडेनं पेरायचं, म्हणजे काही अळ्या तिथे जगतील आणि बीटी पचवणाऱ्या अळ्यांची फौज तयार होणार नाही. कल्पना हुशार आहे. पण तीन एकरवाला माणूस आपल्याच वावराची कड अळीला खायला देईल का? आमच्या घरीही ते पाकीट कधी पेरलं गेल्याचं मला आठवत नाही. युजरनं स्वतःचं नुकसान करून घेतलं तरच जी सिस्टीम चालते, तिच्यात दोष डिझाइनचा असतो. वर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवायची सवय. गुलाबी बोंडअळीला बारमाही मेस मिळाली.

२०१७ मध्ये हिशेब चुकता झाला. गुलाबी बोंडअळीनं बोलगार्ड-२ ला जुमानलं नाही. त्याच पावसाळ्यात फवारणीतून विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात भरती झाले. फवारणी कमी करणारं म्हणून जे बियाणं आलं, त्याच्याच वावरात हे घडलं.

राज्य सरकारनं कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत जाहीर केली. त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. कंपन्यांनी जबाबदारी मान्य केली नाही.

कंपनी गेली, हाव राहिली

२०१६ मध्ये केंद्रानं तंत्रज्ञानाची फी ४९ रुपयांवर आणली. मोन्सॅन्टोनं देश सोडायची भाषा केली आणि तणनाशक सहन करणाऱ्या नव्या कापसाचा अर्ज मागे घेतला. २०१८ मध्ये बायरनं मोन्सॅन्टो विकत घेतली आणि ते नावच पुसलं.

पण तो तणनाशकवाला कापूस? तो आलाच, मंजुरीशिवाय. आमच्याकडे त्याला ‘चोर बीटी’ म्हणतात. बिल नाही, लेबल नाही, उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करायची हेही नाही. १० जून २०१९ ला शेतकरी संघटनेनं अकोल्याजवळच्या अकोली जहांगीरमध्ये ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. अठरा वर्षांनी पुन्हा तेच, आम्हाला पेरू द्या.

शहरातल्या मित्रांना हे विचित्र वाटतं. ज्या कंपनीनं गंडवलं म्हणता, तिचंच तंत्रज्ञान चोरून का घेता? अरे, निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून! शेतकऱ्याला तंत्रज्ञान नको असं कधीच नव्हतं. त्याला हवा होता परवडणारा भाव, पुन्हा पेरता येईल असं बी, आणि बिघडलं तर जबाब देणारं कुणीतरी. या तीन मागण्यांतली पहिली तेवढी सरकारनं बऱ्यापैकी पूर्ण केली. दुसरी नागपुरात अडकली. तिसरीचं उत्तर २०१७ मध्येही मिळालं नाही, आणि चोर बीटीत तर तो प्रश्न विचारायलाही जागा नाही.

तर मंडळी, एक काम करा. घरी कापूस असेल तर विचारा, बीटीची पहिली बॅग कोणत्या साली आली, केवढ्याला आली, आणि ते छोटं पाकीट पेरलं होतं का. उत्तरं व्हॉइस नोटमध्ये पाठवा, वऱ्हाडीत बोललात तरी चालेल. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!