वधस्तंभ, क्रूस, खुरीस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जानेवारी २०२० मध्ये आपल्या गावात, तेव्हाच्या उस्मानाबादेत आणि आताच्या धाराशिवात, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. साहित्यनगरीला नाव होते तेरच्या संत गोरोबाकाकांचे आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांची निवड जाहीर झाली तेव्हा काहींनी विरोध केला, धमक्याही आल्या. माणूस मराठीत लिहिणारा, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादन केलेला, हरित वसईच्या चळवळीत दहशतीला न जुमानता उभा राहिलेला. पण त्यांच्या पुस्तकांची चर्चा मागे राहिली आणि त्यांच्या धर्मगुरू असण्याचीच चर्चा अधिक झाली. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले.

संमेलनाच्या त्या दिवसांत मंडपाबाहेर चहा घेताना शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ सोबत्याला सहज विचारत होते, की ज्या खांबावर यांच्या देवाला मारले तोच खांब हे लोक गळ्यात का घालतात? प्रश्नात कुचेष्टा नव्हती, खरे कुतूहल होते. सोबत्याला उत्तर देता आले नाही. मलाही तेव्हा दोन वाक्यांत देता आले नसते.

त्या उत्तराची सुरुवात आपल्याला दूर जाऊन शोधायला नको. आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात तगरचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे मोठे शहर, आणि तिथले जाडेभरडे कापड व मलमल बैलगाड्यांतून, अवघड वाटांनी भडोचच्या बंदरात जाई, असे तो सांगतो. भडोचहून हा माल जहाजांनी रोमन साम्राज्याच्या बाजारात पोहोचे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात या व्यापाराच्या खुणा आजही पाहायला मिळतात. आमच्या लहानपणी तेरला जायचे ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. रोमशी आपला काही संबंध आहे हे फार उशिरा कळले.

तर ज्या काळात तगरचे कापड रोमन अंगावर जात होते, त्याच काळात, साधारण इसवी सन ३० च्या सुमारास, त्याच साम्राज्याच्या यहुदिया प्रांतात येशू नावाच्या एका सुताराला क्रूसावर खिळले गेले. रोमन लोकांच्या दृष्टीने ही काही मोठी बातमी नव्हती. ती शिक्षा गुलामांसाठी, बंडखोरांसाठी, परक्या मुलखातल्या उपद्रवी माणसांसाठी राखलेली होती. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचे गुलामांचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सहा हजार गुलाम क्रूसावर टांगले होते. उभा खांब बहुधा वधाच्या जागी रोवलेलाच असे. आडवे लाकूड मात्र कैद्याने स्वतःच्या खांद्यावरून वाहून न्यायचे. मग हात त्याला बांधायचे किंवा खिळ्यांनी ठोकायचे. मरण यायला काही तास लागत, कधी काही दिवस. जागा निवडायची ती वर्दळीची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावे आणि धडा घ्यावा. रोमन नागरिकाला सहसा ही शिक्षा होत नसे. सिसेरो हा रोमचा नामांकित वक्ता एका भाषणात म्हणतो, की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानावर पडू नये. १९६८ मध्ये यरुशलेमजवळच्या एका थडग्यात अशा शिक्षेत मेलेल्या माणसाचे टाचेचे हाड मिळाले. लोखंडी खिळा त्यात तसाच होता, टोक वाकल्यामुळे निघाला नव्हता.

मराठी बायबलात क्रूसासाठी ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ झाला. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या परंपरेतून आलेल्या भाषांतरात तो आहे आणि मला तो फार प्रामाणिक शब्द वाटतो. ‘क्रॉस’ म्हटले की सोनाराच्या दुकानातली नाजूक वस्तू डोळ्यांपुढे येते. ‘वधस्तंभ’ म्हटले की ते कशासाठी होते हे विसरता येत नाही. आपल्याकडे याला जवळची शिक्षा सुळाची. सुळावरची पोळी आपण बोलण्यात सहज वापरतो, सूळ मात्र विसरलो आहोत. महाभारतात मांडव्य ऋषींना चोर समजून राजाने सुळावर चढवले. सुळाची अणी अंगात राहिली म्हणून ते अणीमांडव्य झाले. निरपराध माणूस, राजाची शिक्षा आणि तरीही न आलेले मरण, इथपर्यंत कथा ओळखीची वाटते. पुढे मांडव्य थेट यमधर्माला जाब विचारतात आणि शाप देतात. येशू मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. तुलना याहून ताणण्यात अर्थ नाही.

आता गंमत अशी, की पहिल्या काही शतकांत खुद्द ख्रिस्ती लोक क्रूसाचे चित्र फारसे काढतच नव्हते. त्यांच्या खुणा मासा, नांगर, कोकरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ अशा होत्या. साहजिक आहे. ज्याच्या भावाला काल फाशी झाली तो आज दारावर दोराचे चित्र लावत नाही. वधस्तंभावरच्या ख्रिस्ताचे सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक तर टवाळीचे आहे. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवरच्या एका भिंतीवर कुणीतरी गाढवाच्या डोक्याचा माणूस क्रूसावर ओरखडून काढला आणि खाली ग्रीकमध्ये खरडले की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. हा अलेक्सामेनोस कोण, कुणास ठाऊक. पण चहाच्या बाकावरचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

चौथ्या शतकात चक्र उलटे फिरले. ३१२ मध्ये कॉन्स्टन्टाइन ख्रिस्ताच्या चिन्हाखाली लढाई जिंकून रोमचा सम्राट झाला. पुढे क्रूसाची शिक्षा बंद झाली आणि शिक्षेचे लाकूड राजचिन्ह बनले. मगच ते चर्चच्या भिंतींवर, दारांवर, नाण्यांवर मोकळेपणाने दिसू लागले.

या लाकडाचा अर्थ काय, यावर ख्रिस्ती पंडितांत शतकानुशतके खल झाला. प्राचीन काळी अनेकांनी तो सुटकेचे मोल म्हणून सांगितला: माणूस पापाच्या कैदेत होता, ख्रिस्ताने स्वतःचा जीव देऊन त्याला सोडवले. मराठी बायबलात यासाठी ‘खंडणी’ हा शब्द आला आहे. आज तो वर्तमानपत्राच्या भलत्याच पानावर असतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने सरंजामी जगातला हिशेब मांडला. माणसाने देवाचा मान मोडला, ती भरपाई माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून देवच माणूस होऊन ती करतो. आपल्या भाषेत, जामीन राहिलेल्याने स्वतःच फेड केली. त्यानंतरच्या पिढीतल्या आबेलारला ही देण्याघेण्याची भाषा रुचली नाही. क्रूस पाहून माणसाच्या मनात प्रेम जागे होते, तेच तारते, असे त्याचे म्हणणे. चर्चने यांतला एकच अर्थ खरा असे कधी पक्के केले नाही. कॅथलिक घरात क्रूसावर ख्रिस्ताची देहमूर्ती असते, कारण तिथे दुःखाचे ध्यान आहे. प्रॉटेस्टंट घरात बहुधा रिकामा क्रूस असतो, कारण जो उठला तो आता तिथे नाही. दोन्ही घरे एकाच गल्लीत असली तरी पाहुण्याला हा फरक कुणी सांगत नाही.

आपल्या किनाऱ्यावर मात्र क्रूस आला तो पंडितांच्या वादातून नव्हे; तो पोर्तुगीज राजाच्या झेंड्यासोबत आला, आणि इथे जपून बोलावे लागते. गोव्यातल्या साष्टी तालुक्यात देवळे पाडली गेली होती. १५८३ च्या जुलैमध्ये रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार जेझुइट सोबती चर्चसाठी जागा पाहायला आणि क्रूस उभारायला कुंकळ्ळीला गेले. हे अक्वाविवा अकबराच्या दरबारात राहून आलेले, विद्वान गृहस्थ. गावकऱ्यांनी या पाचही जणांना आणि त्यांच्यासोबतच्या काहींना ठार मारले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. ज्यांनी क्रूस नेला त्यांच्यासाठी तो आत्मार्पणाचा होता. ज्यांच्या दारात तो रोवला जाणार होता त्यांना त्यात देऊळ पाडणाऱ्याची निशाणी दिसली, आणि त्यांना दिसले ते खोटे नव्हते. मारल्या गेलेल्या पाच जणांना चर्चने १८९३ मध्ये धन्य घोषित केले; कुंकळ्ळीकर आपल्या प्रमुखांची आठवण अभिमानाने काढतात. जे लाकूड रोमन सत्तेने परक्या मुलखाला धाक घालायला वापरले, ते दीड हजार वर्षांनी पुन्हा सत्तेच्या हातात आले होते.

त्या पाच जणांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देणाऱ्यांत एक तरुण इंग्रज जेझुइट होता. नाव थॉमस स्टीफन्स. आपण त्याला ओळखतो ते ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून. कुंकळ्ळीनंतर तेहतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, राचोलला हे पुराण छापून झाले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, त्याही रोमन लिपीत छापलेल्या. ज्यांची पुराणे बंद केली त्या नवख्रिस्ती लोकांनी आम्हाला वाचायला दुसरे पुराण द्या म्हटले, म्हणून ते लिहिले. मला या माणसाचे नेहमी कोडे वाटते. स्वतःचे सोबती ज्या लोकांनी मारले त्यांचीच भाषा त्याने जन्मभर घोटली आणि तिची थोरवी गायली. त्याच्यानंतर काही वर्षांनी संत पीटरवर मराठीत पुराण लिहिणाऱ्या फ्रेंच जेझुइटचे आडनावच ‘द ला क्रुवा’, म्हणजे ‘क्रूसाचा’ असे होते.

कोकणीत या लाकडाचे ‘खुरीस’ झाले, आणि शब्दाबरोबर वस्तूही मऊ झाली. गोव्यात, वसईत, मुंबईच्या जुन्या गावठाणांत पाणंदीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, तिठ्यावर चुन्याने रंगवलेले खुरीस उभे आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गिरगाव, माझगाव, वांद्रे या भागांत रोगापासून रक्षणासाठी क्रूस उभारले गेले. वेशीवरचा मारुती किंवा बांधावरचा म्हसोबा जे काम करतो तेच काम. मे महिन्यात संध्याकाळी शेजारीपाजारी जमून लदीन म्हणतात, मेणबत्त्या लागतात, उकडलेले चणे वाटले जातात. शेजारचा हिंदूही जाताजाता हार घालतो. अँसेल्मला हे कितपत पटले असते, शंका आहे.

इकडे घाटावरची गोष्ट वेगळी आणि मला अधिक जवळची. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे नाते आईलेकीचे, आणि वादही तितकेच कडाक्याचे. असाच एक वाद क्रूसावरून झाला. अंगावर घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. ती रमाबाईंना नको होती. क्रूसाला त्यांची ना नव्हती. पण जी भाषा मला कळत नाही आणि माझ्या देशभगिनींना कळणार नाही ती माझ्या छातीवर कशाला, असे त्यांचे म्हणणे. कोरायचेच तर संस्कृतात कोरा. आणि संस्कृतही ती देवभाषा आहे म्हणून त्यांना नको होती. आपल्या मायभूमीची सुंदर, पुरातन भाषा म्हणून हवी होती. इंग्लंडात, इंग्रजांच्याच आधाराने राहणारी पंचविशीच्या पुढची विधवा ही भाषा बोलते! स्टीफन्सच्या काळात ज्यांच्या दारात क्रूस रोवला गेला त्यांना त्यावरच्या अक्षरांबद्दल कुणी विचारले नव्हते. रमाबाईंनी न विचारता सांगितले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत.

१८९५ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

पण टिळक आणि रमाबाई ही झाली शिकलेली, ब्राह्मण घरांतून आलेली माणसे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, सोलापूर आणि आपला मराठवाडा इथल्या गावोगावच्या ख्रिस्ती मंडळींत बहुतेक घरे महार आणि मांग वस्त्यांतली. त्यांच्याकडे क्रूस पोहोचला तेव्हा खंडणी आणि भरपाईचे सिद्धांत त्यांनी कितपत मनावर घेतले, कोण जाणे. एक गोष्ट मात्र त्यांना समजावून सांगावी लागली नसेल. येशूला शहरात मारले नाही. आडवे लाकूड खांद्यावर देऊन त्याला यरुशलेमच्या तटाबाहेर नेले आणि तिथे मारले. वेशीबाहेर काय असते, कोण राहते, आणि मेलेले ढोर गावातून ओढून कुठे न्यायचे व कुणी न्यायचे, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते त्यांना तो तट ओळखीचा होता. रोमन पंडिताने ज्याचे नावही ऐकू नये म्हटले त्या जागी यांचा देव मेला होता, आणि ती जागा यांच्या घराजवळची होती.

उत्तम शुक्रवारी आपल्या भागातल्या एखाद्या लहान देवळात गेलात तर, हो, मराठी ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळही म्हणतात, तिथे पेटी आणि टाळ असतात, बाया डोक्यावर पदर घेऊन मांडी घालून बसलेल्या असतात आणि भिंतीवर दोन साध्या फळ्यांचा वधस्तंभ असतो. त्यावर लॅटिन अक्षरे नसतात.