थांबावे कधी? रॉक बँड, गंधर्व नाटक मंडळी आणि रसिकांचा हट्ट

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या व्हिला पार्क मैदानावर ५ जुलै २०२५ रोजी 'ब्लॅक सॅबथ' या रॉक बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला. गायक ऑझी ऑस्बर्न तेव्हा ७६ वर्षांचे होते. कंपवाताने त्यांना उभे राहणे अशक्य झाले होते, म्हणून ते एका काळ्या सिंहासनावर बसून गायले. बँडचे मूळचे चारही वादक-गायक २००५ नंतर प्रथमच एका मंचावर आले होते. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑस्बर्न यांचे निधन झाले. कार्यक्रमाचे प्रक्षेपण इंटरनेटवरून जगभर होत असल्याने तो पाहायला बर्मिंगहॅमला जाण्याची गरज नव्हती. अमरावती-यवतमाळ मार्गावरील नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावीही, हाती मोबाइल आणि मनात आवड असणाऱ्याला तो घरबसल्या पाहता येत होता. (आपल्याकडे 'बँड' म्हटले की अजूनही आधी लग्नाची वरात डोळ्यांपुढे येते, हा भाग निराळा.)

जुन्या बँडने निवृत्त कसे व्हावे, हा रॉक संगीताच्या चाहत्यांचा कित्येक वर्षांचा आवडता वादविषय आहे. बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमानंतर अनेकांना वाटले, की उत्तर सापडले : आपल्या गावात, आपल्या जुन्या सोबत्यांसह, शेवटचे एकदा गावे आणि थांबावे. मात्र या आदर्श निरोपामागचा इतिहास मुळीच सरळ नाही. ऑस्बर्न यांनी १९९२ मध्येच 'आता दौरे पुरेत' अशा अर्थाचे नाव देऊन निरोपाचा दौरा काढला होता. पुढे २०१८ मध्ये त्याच नावाचा दुसरा दौरा निघाला. ब्लॅक सॅबथनेही 'अखेर' या अर्थाच्या नावाचा दौरा करून ४ फेब्रुवारी २०१७ रोजी याच बर्मिंगहॅममध्ये निरोप घेतला होता. त्या वेळी मूळचे ड्रमवादक बिल वॉर्ड सोबत नव्हते. म्हणजे २०२५ चा सोहळा हा निरोपाचाही दुसरा प्रयोग होता आणि पहिल्यातील उणीव त्याने भरून काढली.

चाहत्यांच्या तर्कांचे काही ठरावीक प्रकार दिसतात. एक पक्ष म्हणतो, सूर शाबूत असतानाच उठावे. हा पक्ष 'बीटल्स'कडे बोट दाखवतो : जानेवारी १९६९ मध्ये लंडनमधील एका इमारतीच्या गच्चीवर ते अखेरचे एकत्र वाजले आणि १९७० मध्ये वेगळे झाले, तेव्हा चौघांपैकी कोणाचेही वय तिशीच्या पुढे गेले नव्हते. दुसरा पक्ष म्हणतो, सोबती गेला की दुकान बंद करावे. 'लेड झेपेलिन'ने ड्रमवादक जॉन बॉनम यांच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये तसे केले आणि डिसेंबर २००७ मधील लंडनच्या एका पूर्ण कार्यक्रमाचा अपवाद वगळता त्या निर्णयाला मोठा धक्का लावला नाही. तिसरा पक्ष 'रोलिंग स्टोन्स'चा. हा बँड ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजला, तेव्हा मिक जॅगर साठीला टेकले होते आणि 'हे आजोबा आणखी किती दिवस?' असा प्रश्न आपल्याकडेही हसत हसत विचारला गेला. त्यानंतर वीस वर्षे लोटली. ड्रमवादक चार्ली वॉट्स २०२१ मध्ये निवर्तले, तरी २०२३ मध्ये नवा अल्बम आला आणि २०२४ मध्ये ऐंशी ओलांडलेले जॅगर अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. चौथा मार्ग अगदी अलीकडचा : 'अब्बा'ने २०२२ पासून लंडनमध्ये आपल्या तरुणपणच्या संगणकीय प्रतिमा मंचावर उभ्या केल्या. गाणारे घरी आणि त्यांच्या सावल्या मंचावर, या कल्पनेने काही चाहते हरखले, तर काहींना ती भुताटकी वाटली.

मराठी रसिकाला हा सारा वाद नवा वाटण्याचे कारण नाही. संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात त्याने तो पुरेपूर घातलेला आहे. नाटक मंडळी म्हणजे एक गायक, त्याचे ठरलेले साथीदार, डोक्यावर कर्ज, गावोगावचा दौरा आणि जिवाला जीव देणारा चाहता. हे वर्णन रॉक बँडलाही जसेच्या तसे लागू पडते. या दौऱ्यांच्या नकाशावर वऱ्हाडाला मान होता. कापसाचा पैसा हाती खेळू लागला की अमरावती-अकोल्याकडे मंडळ्यांची पावले वळत, आणि भोवतालच्या खेड्यांतील शौकीन नाटकासाठी शहर गाठत. अमरावतीने या रंगभूमीला केवळ प्रेक्षक दिले असे नव्हे. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभि' या नाटकांचे कर्ते वीर वामनराव जोशी हे अमरावतीचेच.

या वादाचा केंद्रबिंदू होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. जन्म २६ जून १८८८ चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 'मानापमाना'तील भामिनी, 'स्वयंवरा'तील रुक्मिणी, 'एकच प्याला'तील सिंधू या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्राला अक्षरशः वेड लावले. त्यांच्या शालू नेसण्याच्या धाटणीचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ त्यांच्याकडे होती; आजच्या भाषेत बोलायचे, तर हा त्या काळचा सर्वांत तगडा 'बँड' होता. खर्चाला मात्र धरबंध नव्हता. भरजरी वस्त्रे, खरे अत्तर, उंची पडदे यांपुढे हिशेबाची वही नेहमीच मागे पडे. टेंबे आणि बोडस हे दोघेही भागीदार लवकरच बाहेर पडले आणि कर्जाचा भार एकट्या बालगंधर्वांच्या खांद्यावर आला.

मग काळ पालटला. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'पासून मराठी बोलपट सुरू झाला. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. स्त्रीपार्टी नटाच्या पायाखालची जमीनच सरकू लागली होती. बालगंधर्वांचे वय तेव्हा पंचेचाळीस. आताच थांबावे, असे म्हणणारे रसिक होते आणि त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. कंपनी आवरून ते 'प्रभात'मध्ये गेले आणि १९३५ च्या 'धर्मात्मा'त त्यांनी संत एकनाथ साकारले. निवृत्तीची याहून सुरेख संधी कोणती असणार? स्त्रीवेष उतरवून पुरुषभूमिकेत, नव्या माध्यमात, सन्मानाने दुसरा डाव मांडण्याची ती वाट होती. परंतु तुकड्यातुकड्यांनी होणारे चित्रीकरण आणि समोर प्रेक्षकच नसणे हे त्यांना मानवले नाही. 'प्रभात'शी संबंध एका चित्रपटातच संपला आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

पुढे १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई' या चित्रपटात ते पडद्यावरही स्त्रीवेषात आले. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. रंगमंचावरचे दिवे आणि दहाव्या रांगेचे अंतर वय झाकून घेते. कॅमेरा तेवढी दया दाखवत नाही. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्या स्त्रीभूमिका करू लागल्यावर बालगंधर्वांनी काही पुरुषभूमिकाही केल्या, पण प्रेक्षकांना हवे होते ते त्यांचेच जुने रूप. येथे रसिकांची गंमत पाहण्यासारखी आहे. 'आता हा वेष शोभत नाही' असे म्हणणारे आणि 'सिंधू त्यांनीच करावी' असा आग्रह धरणारे हे दोन निराळे गट होते असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा तो एकच माणूस असे. मंडळीच्या पडत्या काळाचे खापर अनेकांनी गोहरबाईंवर फोडले. ते अन्यायाचे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कर्ज त्या येण्याआधीचे होते, बोलपटही त्या येण्याआधीचा होता, आणि उतारवयात बालगंधर्वांची शुश्रूषा करण्यात त्यांनी कसूर केली नाही.

याच चित्राची दुसरी बाजू म्हणजे केशवराव भोसले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका मंचावर आले आणि तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे ३१. रसिकांच्या मनात त्यांचा आवाज आजही तसाच चढा आणि तसाच तरुण आहे, कारण तो म्हातारा झालेला कोणी ऐकलाच नाही. 'शिखरावर असताना जावे' हा सल्ला देणाऱ्याने त्याची किंमतही लक्षात घ्यावी. केशवरावांनी काही निवृत्ती पत्करली नव्हती.

त्यांची 'ललितकलादर्श' मात्र गेली नाही. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत स्थापन झालेली ही मंडळी बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवली. त्यांनी केशवरावांची नक्कल करत बसण्याऐवजी मामा वरेरकरांची 'सत्तेचे गुलाम', 'तुरुंगाच्या दारात' अशी नव्या विषयांची नाटके आणली. १९३७ मध्ये बापूरावही निवर्तले आणि संस्था थंडावली. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तिचे पुनरुज्जीवन केले आणि 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' यांसारखी नाटके रंगभूमीवर आणली. २००८ मध्ये मंडळीची शंभरी भरली, तेव्हा भालचंद्र हयात होते. त्यांचे निधन २०१५ मध्ये झाले. रॉकच्या जगात गायक बदलून चालणाऱ्या बँडला कट्टर चाहते नाके मुरडतात. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्यानंतर 'क्वीन'ने ॲडम लॅम्बर्टला पुढे केले, तेव्हाही तसेच झाले. ललितकलादर्शच्या बाबतीत मराठी प्रेक्षकाने ही अदलाबदल एकदा नव्हे, दोनदा स्वीकारली. कारण तेथे मंडळीचे नाव गायकाहून मोठे ठरले होते. गंधर्व नाटक मंडळीच्या तर नावातच एकच माणूस होता. थिरकवांसारखा साथीदार मिळूनही ती त्या एका गळ्याबाहेर कधी गेली नाही. वारस नेमणे हा निवृत्तीचा अर्धा भाग असतो, आणि येथे तोच राहून गेला.

मुंबईच्या इंग्रजी रॉकमध्येही याचा एक छोटा अध्याय आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'रॉक मशीन'ने १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, १९९७ मध्ये काम थांबवले आणि २०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले. निरोपाचा गाजावाजा नाही, तेव्हा परतण्याची लाजही नाही. पाश्चात्त्य बँडची अडचण नेमकी उलटी असते. 'द हू'ने १९८२ मध्ये निरोपाचा दौरा केला, 'स्कॉर्पियन्स'ने २०१० मध्ये अशीच घोषणा केली, आणि दोन्ही बँड पुढे वर्षानुवर्षे वाजतच राहिले. 'शेवटचे' या शब्दावर तिकिटे खपतात. पण तोच शब्द पुढच्या खेपेला आडवा येतो. 'एरोस्मिथ'ने २०२४ मध्ये दौरे कायमचे थांबवले, तेही स्वखुशीने नव्हे. स्टीव्हन टायलर यांच्या स्वरयंत्राला झालेली इजा पूर्ण बरी होणार नाही, हे स्पष्ट झाल्यावर त्यांना तो निर्णय घ्यावा लागला.

चाहत्यांच्या चर्चेत पैशाचा विषय सहसा निघत नाही. आपण जी सुंदर अखेर सुचवतो आहोत, तिच्यानंतर त्या घरात चूल कशी पेटणार, हे कोणी विचारत नाही. बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाचे उत्पन्न सेवाभावी संस्थांना देता आले, कारण गाणाऱ्यांच्या घरी तोटा नव्हता. बालगंधर्वांना ती मुभा नव्हती. देणी फेडायची तर प्रयोग लावायचा आणि प्रयोग लावायचा तर शालू नेसायचा. शिवाय प्रेक्षकाला मायबाप मानणारा हा नट; समोर चार माणसे बसली आहेत तोवर उठून जाणे त्याच्या स्वभावातच नव्हते.

मानसन्मान आले, पण उशिरा. १९४४ मध्ये नाशिकच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद, १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. पाय निकामी झाल्यावर ते बसून भजने गात. त्या बैठकींना जाणाऱ्यांतही दोन तट होते : काहींना ते पाहवत नसे, तर काहींना त्या थकलेल्या गळ्यातून मध्येच उमटणारी एखादी जागा जुन्या साऱ्या वैभवाहून मोलाची वाटे. पुण्यात त्यांच्या नावाने उभ्या राहणाऱ्या रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते झाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. रंगमंदिराचा पडदा त्यानंतरच्या वर्षी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी उघडला.