आभारातला भार



आभारप्रदर्शन हा आपल्या व्याख्यानमालांतला शेवटचा कार्यक्रम. चिटणीस उठले की श्रोते चपला शोधू लागतात. मी मात्र आज आभारापासूनच सुरुवात करणार आहे, आणि तीही इंग्रजांच्या आभारापासून. 'थँक यू' आता आपल्याकडे रिक्षावाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे; तो शब्द मराठीच झाला म्हणा ना. पण ज्यांच्याकडून तो आला त्यांच्या घरी त्याचे काय काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने भाषेच्या प्रांतात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, आभार कोणी कोणाचे मानायचे हा प्रश्न मुळात देण्याघेण्याचा आहे, आणि देण्याघेण्याची भांडणे करण्यातच माझे आयुष्य गेले.

'थँक' आणि 'थिंक' ही एकाच कुळातली भावंडे. जुन्या इंग्रजीत 'थँक'चा अर्थ प्रथम 'विचार' असाच होता. पुढे 'चांगला विचार', आणि त्यातून कृतज्ञता. तुम्ही केलेले माझ्या मनात आहे, इतकेच त्यात होते. 1066 साली नॉर्मन आले, दरबारची भाषा फ्रेंच झाली, आणि तिच्याबरोबर निराळे शब्द आले. 'ग्रामर्सी' म्हणजे मोठी मेहेरबानी. 'ऑब्लाइज्ड' म्हणजे तर चक्क बांधलेला. पोर्तुगीजांचा 'ओब्रिगादु' हा त्याचाच सख्खा भाऊ. गोव्यात 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती, तरी तिथला कोकणी माणूस आजही 'देव बरें करूं' म्हणतो, म्हणजे आपले देणे देवाच्या खाती टाकून मोकळा होतो! आपल्या 'आभारा'तही कानाला 'भार' ऐकू येतोच.

हा भार सरळ भिरकावून देणारे लोक इंग्लंडात सतराव्या शतकात निघाले. ते क्वेकर पंथाचे. त्या काळी इंग्रजीत 'दाऊ' आणि 'यू' असे आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे दोन शब्द होते. वरच्याला 'यू' म्हणायचे, खालच्याला 'दाऊ'. क्वेकर म्हणाले, देवाला आम्ही 'दाऊ' म्हणतो, मग लॉर्डाला त्याहून मोठा मान कशाला? ते सर्वांना 'दाऊ' म्हणू लागले आणि कोणापुढेही टोपी काढीनात. 1670 साली लंडनच्या ओल्ड बेलीत विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर खटला चालला. दोघे बोडक्याने आत आले होते, कारण शिपायाने त्यांच्या टोप्या आधीच काढून घेतल्या होत्या. न्यायासनाने त्या पुन्हा डोक्यावर घालायला लावल्या, आणि मग टोपी काढीत नाहीत म्हणून प्रत्येकी 40 मार्क दंड केला! सभ्यता शिकवण्याची ही तऱ्हा. पुढे इंग्रजीतून 'दाऊ' जवळजवळ गेलाच. गंमत अशी की इंग्रजांनी समता साधली ती क्वेकरांच्या उलट बाजूने. त्यांनी सर्वांना 'तू' केले नाही, सर्वांना 'तुम्ही' केले.

परंतु आभाराचा खरा जमाखर्च मांडला तो एका मजुराने. मी सॅम्युएल जॉन्सनला मजूरच म्हणतो. लिचफील्डच्या पुस्तकविक्याचा हा मुलगा. पैशांअभावी त्याला ऑक्सफर्ड अर्धवट सोडावे लागले, आणि मग लंडनला येऊन तो लेखणीवर पोट भरू लागला. 1746 साली काही प्रकाशकांनी त्याच्याशी इंग्रजी शब्दकोशाचा करार केला. रक्कम 1,575 पौंड, आणि सहा मदतनिसांचा पगार त्यातूनच भागवायचा. त्या काळी अशा कामाला उमराव आश्रयदाता शोधण्याची रीत होती. म्हणून 1747 साली जॉन्सनने कोशाची योजना लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून छापली. हा चेस्टरफील्ड म्हणजे सभ्यतेचा मूर्तिमंत अवतार. आपल्या मुलाला रीतिरिवाज शिकवणारी त्याची पत्रे 1774 साली, त्याच्या मरणानंतर, पुस्तकरूपाने निघाली आणि घरोघर वाचली गेली. या सभ्य गृहस्थाने जॉन्सनला एकदा दहा पौंड दिले. त्यापलीकडे जॉन्सनच्या वाट्याला आला तो त्याच्या बाहेरच्या खोलीतला खोळंबा.

सात वर्षे गेली. मधल्या काळात, 1752 साली, जॉन्सनची बायको वारली. काम संपत आले, तेव्हा लॉर्डसाहेबांनी एका साप्ताहिकात कोशाची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. आता ग्रंथ आपल्याला अर्पण होईल, अशी त्यांची अटकळ असावी. 1755च्या फेब्रुवारीत जॉन्सनने त्यांना जे पत्र लिहिले ते इंग्रजी भाषेत अजून गाजते आहे. त्याचा आशय असा: माणूस पाण्यात गटांगळ्या खात असता जो काठावरून बघत राहतो आणि तो काठाला लागल्यावर मदतीचा हात पुढे करतो, त्याला का आश्रयदाता म्हणायचे? ही मेहेरबानी लवकर झाली असती तर बरे होते; आता आनंदात वाटेकरी उरलेला नाही. जो उपकार झालाच नाही त्याचे ऋण मी मानणार नाही. आणि एवढे बोलून पत्राखाली सही मात्र रिवाजाप्रमाणे 'आपला अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक'!

चेस्टरफील्डने काय करावे? त्याने ते पत्र टेबलावर सर्वांना दिसेल असे ठेवले. रॉबर्ट डॉड्स्ली हा कोशाच्या प्रकाशकांपैकी एक, पूर्वी उमरावांघरी हुजऱ्या होता. त्याला लॉर्डसाहेबांनी ते स्वतः वाचून दाखवले, आणि सर्वांत झोंबणारी वाक्ये किती छान लिहिली आहेत तेही सांगितले. सभ्यता म्हणावी ती ही! डॉड्स्लीला मात्र पत्राचे वाईट वाटले. कोशात त्याचे पैसे गुंतले होते, आणि लॉर्डाचे नाव असते तर खप वाढला असता.

कोश त्याच वर्षीच्या एप्रिलात निघाला. त्यात 'आश्रयदाता' आणि 'पेन्शन' या दोन्ही शब्दांना जॉन्सनने चांगलेच ओरबाडले आहे. 1762 साली राजाने त्याला वर्षाला 300 पौंडांचे पेन्शन देऊ केले आणि त्याने ते घेतले. त्याच्या वैऱ्यांनी हे पुष्कळ उगाळले. मला त्यात काही वावगे दिसत नाही. केलेल्या कामाबद्दल ते होते, आणि पोट सर्वांना आहे.

'आज्ञाधारक सेवक' पुढेही पुष्कळ वर्षे जगला. 1804 साली अमेरिकेचा उपाध्यक्ष एरन बर आणि अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी असल्याच नम्र सह्यांची पत्रे एकमेकांना लिहिली आणि मग पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले. हॅमिल्टन त्यात मेला. आपल्याकडे हाच सेवक साहेबाच्या कचेरीतून अर्ज-विनंत्यांत शिरला. बोलण्यात मात्र इंग्रज हळूहळू सैल झाला. मागताना 'प्रे', म्हणजे प्रार्थना करतो, म्हणत असे. एकोणिसाव्या शतकात 'प्लीज'ने ती जागा घेतली, आणि तो शब्द तरी काय, 'आपली मर्जी असेल तर' या वाक्याचे उरलेले शेपूटच. आभार तर सुट्या पैशांसारखे झाले. दुकानदार गिऱ्हाइकाला देतो, गिऱ्हाईक दुकानदाराला. त्यावरची उत्तरे ऐका: 'नॉट अ‍ॅट ऑल', 'डोन्ट मेन्शन इट', आणि हल्लीच्या पोरांचे 'नो प्रॉब्लेम', ज्यावर तिकडची वडीलमंडळी चिडतात. तिन्हींचा अर्थ एकच, की वहीत काही मांडू नका.

आमच्या एका कारखान्यात फार वर्षांपूर्वी पगाराचा करार झाला. मसुदा इंग्रजीत होता, आणि मी रद्दीतून घेतलेला शब्दकोश मांडीवर घेऊन तो वाचीत होतो. वाढ कामगार 'कृतज्ञतापूर्वक' स्वीकारीत आहेत, असे त्यात होते. मी हरकत घेतली. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, ही नुसती रीत आहे." आमच्यातले एक जुने लेथवाले मामा होते. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ माझ्याकडून समजून घेतला आणि म्हणाले, "मग साहेब, कंपनीपण आमचे उपकार मानते असं खाली लिहा की. फिटंफाट." साहेब हसले आणि त्यांनी तो शब्द खोडला.

सह्या झाल्यावर चहा आला. चहा आणणाऱ्या पोराला साहेब 'थँक यू' म्हणाले, आम्हीही म्हणालो. तो पोरगा ठेकेदाराकडचा होता. करारात त्याचे नाव नव्हते.