टकलावरच्या गोळीचं कूळ

केस गळू लागले की आपल्याकडे आधी तेल बदललं जातं, मग शॅम्पू, मग गावचं पाणी बदनाम होतं. पुरुषी टकलावर खरोखर परिणाम दाखवणारी औषधं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतली फिनास्टेराइडची गोळी केसांसाठी जन्मलीच नव्हती. तिचं माहेर प्रोस्टेटच्या आजारात आणि आजोळ कॅरिबियन बेटावरच्या एका खेड्यात.

या कुळातली सर्वांत जुनी नोंद ग्रीक आहे. वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, असं हिप्पोक्रेट्सच्या नावावरच्या सूत्रांत म्हटलेलं आहे. निरीक्षण अचूक होतं, पण कारण सांगायला दोन हजारांहून अधिक वर्षं जावी लागली. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने, ज्यांची वृषणं काढली गेली होती किंवा वाढलीच नव्हती, अशा पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस विरळ होऊ लागले. घराण्यात टक्कल नसलेल्यांचे शाबूत राहिले. औषध थांबवलं की गळती थांबे, पण गेलेले केस परत येत नसत. म्हणजे टकलाला दोन गोष्टी लागतात: पुरुषी हार्मोन आणि त्याला बळी पडणारी आनुवंशिकता. टक्कल पडलेल्या माणसात हार्मोन जास्त असतं, हा समज तेव्हाच मोडीत निघायला हवा होता.

पण इलाज म्हणून कुणी वृषणं काढून घेणार नाही. पुढची वाट दाखवली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या खेड्याने. तिथे काही बाळं जन्मतः मुलगी वाटत, मुलगी म्हणूनच वाढत. वयात येताना मात्र त्यांचा आवाज फुटे, स्नायू भरत आणि लिंग वाढे. कॉर्नेल विद्यापीठाच्या ज्युलिअॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी त्यांचा अभ्यास करून १९७४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कारण मांडलं. टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये रूपांतर करणारं फाइव्ह-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम त्यांच्यात जन्मापासून तोकडं होतं. गर्भात बाह्य पुरुषी अवयव घडवायला डीएचटी लागतं, म्हणून जन्माच्या वेळी ते दिसत नसत. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहान राही, दाढी विरळ येई आणि टक्कल पडत नसे.

अमेरिकेच्या मर्क कंपनीतल्या संशोधनाची सूत्रं हाती असलेले रॉय व्हॅजेलोस यांच्या वाचनात ही हकीकत आली. त्यांची नजर केसांवर नव्हती. उतारवयात प्रोस्टेट वाढून लघवी अडते. हे एन्झाइम औषधाने रोखलं तर ती वाढ आवरता येईल, असा त्यांचा हिशोब होता. त्यातून फिनास्टेराइड तयार झालं. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत प्रोस्टेटसाठी मान्यता मिळाली आणि १९९७ च्या डिसेंबरात १ मिलिग्रॅमच्या गोळीला टकलासाठी.

गोळीचं काम समजायला सोपं आहे. कपाळावरची आणि टाळूवरची केसांची मुळं डीएचटीला संवेदनशील असतात. त्याच्या माऱ्याने केसाची वाढीची मुदत आखडत जाते, मूळ लहान होतं आणि दर खेपेला आधीपेक्षा बारीक, आखूड केस येतो. गोळी रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरवते. त्यामुळे गळती बहुतेकांत थांबते, काहींत थोडे केस परततात. बंद केली की वर्षभरात कमावलेलं जातं. डोक्याच्या मागची मुळं मात्र या हार्मोनला दाद देत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचातज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी ती पुढे लावली तरी त्यांचा हा स्वभाव कायम राहतो, हे १९५९ मध्ये मांडलं. केशरोपणाचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

डोक्याला चोळायच्या मिनॉक्सिडिलची कहाणीही आडवाटेचीच. अपजॉन कंपनीचं हे औषध अमेरिकेत १९७९ मध्ये हट्टी रक्तदाबासाठी गोळी म्हणून मान्य झालं. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचं द्रावण केलं गेलं. १९८८ मध्ये ते टकलासाठी मान्य झालं आणि १९९१ मध्ये बायकांसाठीही.

बायकांच्या केसगळतीची वंशावळ एकच नसते. बहुधा कपाळाची रेघ टिकते, भांग रुंदावतो, आणि पुष्कळदा रक्तातली हार्मोन्स ठीक असतात. पण सोबत पाळी चुकत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरमं जात नसतील, तर पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराची तपासणी हवी. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांच्या नोंदींवरून वर्णन केलेला हा विकार पुढे मधुमेहाची शक्यताही वाढवतो, म्हणून तिथे केस ही फक्त वर्दी असते. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी झुपक्याने गळणारे केस वेगळे. ते सहसा आपोआप परततात. थायरॉइड आणि शरीरातलं लोह तपासल्याशिवाय कुठल्याही बाईला हार्मोनच्या गोळ्या सुरू करू नयेत.

फिनास्टेराइडने आपलं मूळ सोडलेलं नाही. गर्भातल्या मुलग्याचे अवयव डीएचटीवर घडतात, म्हणून गरोदर स्त्रीने ही गोळी घेऊ नये आणि फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. त्याच कारणाने ती घेणाऱ्या पुरुषाने गोळी बंद करून महिना उलटेपर्यंत रक्तदान करू नये. काही पुरुषांची कामेच्छा घटते, ताठरता कमी होते. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं नक्की केलं. मन उदास राहू लागलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावं.

आणि एक गोष्ट घरातल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांना जरूर सांगा. केसांसाठी घेतलेली ही गोळी प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा सुमारे निम्म्यावर आणते. डॉक्टरांना गोळीची कल्पना नसेल तर धोक्याचा आकडाही निर्धोक वाटतो. तपासणीच्या वेळी चालू औषधांत केसांची गोळी न विसरता सांगा.