शिकता शिकता शिकविणारे : व्यायामविद्येतील साहाय्यक अध्यापकाची परंपरा

अमेरिकेतील विद्यापीठांतून मानवी शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या विभागास आज बहुधा 'किनेसिऑलॉजी' असे नाव असते. हा शब्द ग्रीक मुळावरून एकोणिसाव्या शतकात घडविला गेला. परंतु विद्यापीठीय विषयाचे नाव म्हणून तेथील शारीरिक शिक्षणाच्या अकादमीने त्याची शिफारस केली ती १९८९ साली. या विभागांत एम. ए. वा पीएच्. डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना अध्यापन-साहाय्यकाची वृत्ती मिळते. तो विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून शरीररचनेची प्रात्यक्षिके करून घेतो, मैदानावरील वर्ग चालवितो, उत्तरपत्रिका तपासतो. त्याबदली त्याला शुल्कात सूट व दरमहा काही वेतन मिळते. ही व्यवस्था तेथे इतकी रुजली आहे की, विस्कॉन्सिन विद्यापीठातील साहाय्यकांनी १९६६ मध्ये आपली संघटना स्थापन केली आणि १९७० मध्ये संप करून विद्यापीठाशी पहिला करारही केला.

आपल्याकडे या प्रथेचा उल्लेख होतो तो परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चाची सोय म्हणून. तिला आपल्या भूमीत काही पूर्वेतिहास आहे काय, आणि असल्यास तो व्यायामविद्येपर्यंत का पोहोचला नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या वृत्तीची लक्षणे तीन सांगता येतील. साहाय्यक हा स्वतः वरच्या पायरीवरचा विद्यार्थी असतो, हे पहिले. तो खालच्या पायरीवरील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवितो, हे दुसरे. आणि त्याच्या या कामास संस्थेने दिलेले पद व मानधन असते, हे तिसरे. या तीन कसोट्या लावून पाहिले असता महाराष्ट्रात दोन जुने प्रवाह दिसतात. एक तालमीचा व दुसरा महाविद्यालयाचा.

तालमीचा प्रवाह अर्थातच जुना. मल्लविद्येचे व मल्लस्तंभाचे वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात आढळते. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास नवे जीवन दिले, आणि त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारख्यांनी ही विद्या पुढे नेली. तालमीत वस्ताद एक आणि शिकणारे अनेक असतात. नवशिक्याला पहिली पकड दाखविण्याचे काम वस्ताद स्वतः क्वचितच करतो. ते ज्येष्ठ शिष्याकडे येते. तालमीच्या बोलीत 'वस्ताद' हा शब्द फारसीतून आला, तर 'खलिफा' हा अरबीतून. 'खलिफा' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'मागून येणारा, जागी उभा राहणारा' असा आहे. या ज्येष्ठ शिष्यास पहिली दोन लक्षणे पूर्णपणे लागू पडतात. तिसरे लागू पडत नाही. त्याला पद असते ते मानाचे. वेतन म्हणून काही ठरलेले नसते, आणि त्याच्या शिकविण्याची लेखी नोंदही कोठे राहत नाही.

नोंद राहिली ती मात्र भाषेत. मल्लखांबातील प्रकारांची नावे पाहावीत : अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवे, उतरती. यांतील बहुतेक शब्द घरातले आहेत. पायावर पाय टाकून बसणे म्हणजे अढी घालणे. खांबाला पायांनी घातलेला विळखाही अढीच. ताजवा म्हणजे तराजू. म्हणून तोल सांभाळण्याच्या प्रकारांस ताजवे. आपल्याच हातापायांच्या कड्यातून अंग ओवून काढावयाचे तो सुईदोरा. ही नावे दोन ते चार अक्षरांची, उच्चारास सोपी आणि खालून हाक मारून सांगता येण्याजोगी आहेत. खांबावर उलटा लटकलेल्या मुलाला लांबलचक समास ऐकविता येत नाही. त्याला ऐकू येईल आणि ऐकताच कळेल असा शब्द लागतो. असा शब्द ग्रंथकाराच्या बैठकीवर घडत नाही. शिकविणारा व शिकणारा यांच्यात अंतर थोडे असते तेथे तो घडतो. काही वर्षांपूर्वी जो स्वतः त्या खांबावर अडखळला होता, त्यालाच अडचण कोठे येते हे ठाऊक असते. म्हणून या परिभाषेच्या निर्मितीत ज्येष्ठ शिष्यांचा वाटा मोठा असला पाहिजे, असे शब्दांच्या स्वरूपावरूनच अनुमान करता येते.

दुसरा प्रवाह महाविद्यालयाचा. त्याचा उगम श्रावणमासातील दक्षिणेत आहे. तळेगावच्या दाभाडे घराण्याने चालविलेली ही दक्षिणा १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर पहिल्या बाजीरावाने पुण्यास आणली, आणि ती विद्वान ब्राह्मणांना पेशवाईच्या अखेरपर्यंत मिळत राहिली. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही रक्कम विद्यादानाकडे वळविली, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज करून या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस मिळावा अशी मागणी केली, आणि तीतून दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. यानंतरच्या दशकात याच निधीतून 'दक्षिणा फेलो' ही पदे निर्माण झाली. पुढील परीक्षेचा अभ्यास करीत असतानाच खालच्या वर्गांना शिकवावयाचे आणि त्याबद्दल दरमहा वेतन घ्यावयाचे, असे त्या पदाचे स्वरूप होते. तिन्ही लक्षणे येथे प्रथमच एकत्र आली.

या पदाचे फळ काय आले हे पाहण्यास दोनच नावे पुरेत. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते, आणि १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडीतही होते. भांडारकरांनी नवशिक्यांसाठी लिहिलेली संस्कृतची पाठ्यपुस्तके शंभराहून अधिक वर्षे वापरली गेली. विद्यार्थिदशेतच खालच्या वर्गापुढे उभे राहण्याचा सराव आणि पाठ्यपुस्तकाची ही उत्तम मांडणी या दोहोंत संबंध आहे, असे मानण्यास हरकत नसावी.

या दोन प्रवाहांची तुलना केली असता एक विचित्र विभागणी दिसते. ज्याला पद व वेतन होते, तो साहाय्यक केवळ पुस्तकी विद्या शिकवीत होता. आणि जो शरीराची विद्या शिकवीत होता, त्याला पद व वेतन नव्हते. दक्षिणेचा मूळ निधी एका वर्णापुरता मर्यादित होता हे लक्षात घेतले, तर तालमीची शिष्यपरंपरा काही बाबतींत त्याहून मोकळी होती असेही म्हणावे लागते. बडोद्याच्या जुम्मादादांनी आपला आखाडा शिष्य माणिकराव यांच्या हाती सोपविला. त्या शिष्याने संस्थेस गुरूचेच नाव दिले. आणि १९०७ ते १९१० या काळात त्याच माणिकरावांकडे जगन्नाथ गणेश गुणे हे तरुण शिकले, जे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाले. मुसलमान वस्तादापासून योगविद्येच्या संशोधकापर्यंत ही साखळी अखंड आहे.

विसाव्या शतकात या विद्येस संस्थेचे व शास्त्राचे रूप देण्याचे मोठे प्रयत्न झाले. १९१४ मध्ये अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९२४ मध्ये कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि उड्डियान, नौली इत्यादी क्रियांच्या वेळी शरीरात दाब कसा बदलतो हे उपकरणांनी मोजले. नौलीत निर्माण होणाऱ्या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. बडोद्यास द. चिं. मजुमदार यांच्या संपादकत्वाखाली १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत सिद्ध झाले. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीस शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था काढली. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ हे १९५७ मध्ये ग्वाल्हेरला स्थापन झालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचेही पहिले प्राचार्य झाले.

तथापि या साऱ्या वाटचालीत एक दुवा राहून गेला. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात 'सराव पाठ' आले. पण सराव पाठ हा परीक्षेचा भाग असतो. तेथे विद्यार्थी दुसऱ्याच्या वर्गावर काही तास पाहुणा म्हणून जातो. वर्षभर त्याच मुलांची जबाबदारी घेणारा, त्यांच्या चुका रोज पाहणारा साहाय्यक त्यातून निर्माण होत नाही. परिणामी तालमीतील ज्येष्ठ शिष्य महाविद्यालयात येताना गळून पडला आणि दक्षिणा फेलो मैदानावर कधी उतरलाच नाही.

याची किंमत भाषेने मोजली आहे. कैवल्यधामाचे संशोधनविषयक त्रैमासिक इंग्रजीतून निघाले, आणि जगभर पोहोचावयाचे तर ते योग्यही होते. परंतु त्या संशोधनाचा आशय पहिल्या वर्षाच्या मराठी विद्यार्थ्यापर्यंत नेणारा मध्यस्थ उरला नाही. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी 'बायोमेकॅनिक्स' व 'मोटर लर्निंग' ही नावे जशीच्या तशी उच्चारतो, आणि अढी व तेढी हे शब्द त्याच्या प्रबंधात येतात ते केवळ सांस्कृतिक उल्लेख म्हणून. वस्तुतः अढीत मांडीचे कोणते स्नायू आखडतात आणि शरीराचा गुरुत्वमध्य खांबापासून किती दूर जातो, हा त्या नव्या शास्त्राचाच प्रश्न आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश दिले ही मोठीच कामगिरी होय. पण कोशातील शब्दाला वापराचे पाणी वर्गातच मिळते.

या दृष्टीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच्. डी. विषयक विनियमांतील एक तरतूद लक्षणीय आहे. संशोधक विद्यार्थ्यास आठवड्यातून चार ते सहा तास अध्यापन वा संशोधन-साहाय्याचे काम देता येईल, त्यात प्रात्यक्षिके व मूल्यमापन यांचा समावेश असेल, असे त्यात म्हटले आहे. दक्षिणा फेलोच्या पदाशी या तरतुदीचे साम्य उघड आहे. ती शारीरिक शिक्षणाच्या विभागांत कशी अमलात येते यावर पुष्कळ अवलंबून राहील. हे चार-सहा तास हजेरीपत्रक भरण्यात व क्रीडास्पर्धांच्या व्यवस्थेत गेले, तर त्यांतून काही निष्पन्न होणार नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. पालघर जिल्ह्यातील एडवणसारख्या किनाऱ्यावरील गावातून एखादी मुलगी शारीरिक शिक्षणाच्या पदवीवर्गास येते. त्या परिसरात वाडवळी, मांगेली, वारली अशा बोली नांदतात. शाळेची मराठी तिच्यासाठी दुसरी पायरी आणि पाठ्यपुस्तकाची इंग्रजी तिसरी. तिला सांध्याची हालचाल समजावून देणारी व्यक्ती तीनच वर्षांपूर्वी याच पायऱ्या चढलेली असेल, तर तिच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. आणि ते उत्तर देताना साहाय्यकाला जो मराठी शब्द शोधावा लागेल, तोच पुढे टिकण्याची शक्यता अधिक. अशा साहाय्यकांचे तास वेळापत्रकात नोंदले जावेत, त्यांचे मानधन नियमाने ठरावे, आणि वर्गात वापरात आलेले शब्द त्यांनी वर्षअखेरीस विभागाकडे लिहून द्यावेत, एवढे झाले तरी तालमीची विद्या आणि दक्षिणेची व्यवस्था यांचा शंभराहून अधिक वर्षे लांबलेला मेळ बसण्यास आरंभ होईल.