लॉर्ड : पावाच्या राखणदाराची कुळकथा

इंग्रजीतील ‘लॉर्ड’ हा शब्द मुळात सामासिक आहे, हे त्याच्या आजच्या आखूड रूपावरून कोणाच्या ध्यानी येणार नाही. जुन्या इंग्रजीत, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडात नांदणाऱ्या भाषेत, तो ‘ह्लाफोर्ड’ असा होता आणि त्याचे त्याहून जुने रूप ‘ह्लाफवेअर्ड’ हे होते. त्यातील ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, ज्याचा वंशज आजचा ‘लोफ’, आणि ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. घरातल्या पावाची राखण ज्याच्याकडे, तो घराचा धनी, असा हा साधा हिशेब होता.

धन्याच्या जोडीला घरधनीण होती आणि तिचे नाव ‘ह्लॅफडीये’, म्हणजे पावाची कणीक मळणारी. याच शब्दाची ‘लेडी’ झाली. त्यातील मळण्याचा अर्थ देणारा अंश मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही, कारण इंग्रजी ‘डो’, म्हणजे मळलेली कणीक, आणि संस्कृत ‘दिह्’, म्हणजे लिंपणे किंवा माखणे, हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत, आणि ‘देह’ हा शब्द या ‘दिह्’पासूनच आला आहे. ‘लेडी’ची दूरची नातलग अशी आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

या कुळातले तिसरे माणूस विस्मरणात गेले. चाकराला किंवा आश्रिताला ‘ह्लाफॅटा’, म्हणजे पाव खाणारा, म्हणत. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ. स. ६०० च्या सुमाराच्या कायद्यात एखाद्या सामान्य शेतकऱ्याच्या ‘ह्लाफॅटा’ला ठार मारणाऱ्यास सहा शिलिंग भरपाई सांगितली आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडचा वाक्प्रचार ज्या व्यवहारातून आला, तोच येथे पावाच्या भाषेत मांडलेला दिसतो. राखणारा, मळणारी आणि खाणारा या तिघांत खाणाऱ्याचेच नाव टिकू नये, हे सत्तेच्या स्वभावाला धरूनच झाले म्हणायचे.

पुढे शब्द झिजले, अर्थ मात्र फुगले. आरंभीचा ‘ह’ गळाला, मधला ‘फ’ ‘व’सारखा उच्चारला जाऊन ‘लोव्हर्ड’ झाला आणि अखेर तोही विरून ‘लॉर्ड’ उरला. अर्थ घरधन्यापासून सरदारापर्यंत चढला, तर ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या भाषांतरांत हाच शब्द परमेश्वरासाठी योजला गेला. स्त्रीरूपही मागे राहिले नाही : आल्फ्रेड राजाची कन्या एथेलफ्लेड, जी ९१८ मध्ये वारली, ती ‘मर्सियनांची लेडी’ या बिरुदाने राज्य चालवीत होती. ‘ह्लाफ’ आणखी एका ठिकाणी दडलेला आहे. १ ऑगस्टला नव्या धान्याचा पाव चर्चमध्ये अर्पण करण्याचा सण ‘ह्लाफमॅसे’ होता, तोच आजचा ‘लॅमस’.

कंपनी सरकारच्या आणि राणीच्या राज्यात हा शब्द हिंदुस्थानात आला, तेव्हा देशी जिभेवर त्याचा ‘लाट’ झाला. गव्हर्नर म्हणजे लाटसाहेब आणि सरसेनापती म्हणजे जंगी लाट. या ‘लाट’चा आणि पोळपाटावरच्या ‘लाटणे’ या क्रियापदाचा व्युत्पत्तीने काडीचाही संबंध नाही, कणकेचे नाते मात्र मूळ शब्दाच्या घरात होते. आज मराठीत ‘लाटसाहेब’ म्हणतात तो बहुधा घरातल्या इकडची काडी तिकडे न करणाऱ्या माणसाला, आणि तेही जेवायच्या वेळी.